पावतीवर दुसऱ्याचं नाव: दूध संकलनाच्या ॲपमधल्या दोन मेमरी-चुकांचा माग

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावच्या सहकारी दूध संस्थेचं आहे. गाव, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत. तांत्रिक भाग घडला तसाच ठेवला आहे.

संस्थेचे सभासद चारशेच्या आसपास. सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन पाळ्यांत दूध येतं. सभासद आपला कोड सांगतो, काट्यावर लिटर दिसतात, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, दर लागतो आणि पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल. एका पाळीत दीड-दोन तासांत सगळी रांग संपवायची असते, त्यामुळे खिडकीवरच्या माणसाला एका सभासदामागे काही सेकंदच मिळतात.

त्यासाठीचं ॲप आम्ही लिहिलेलं. सी प्लस प्लसमध्ये, डेटाबेस एसक्यूलाइटचा (ॲपच्या आतच चालणारा, माहिती एका फाइलमध्ये ठेवणारा), आणि एका छोट्या लिनक्स संगणकावर चालणारं. इंटरनेट असो वा नसो, काम अडत नाही. पहिली आवृत्ती रोमन लिपीत नावं छापायची आणि ती वर्षभर विनातक्रार चालली. मग संस्थेने मागणी केली की पावती मराठीत हवी. मागणी अगदी रास्त होती, कारण पावती वाचणारे बहुतेक जण देवनागरीच वाचतात.

मराठी आवृत्तीत आम्ही तीन बदल केले. जुनी नावं देवनागरीत करून एका फाइलमधून एकगठ्ठा आत घेतली. नाव भरायच्या फॉर्ममध्ये एक सफाईचं फंक्शन घातलं, जे नावाच्या पुढची-मागची मोकळी जागा काढून नवी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) परत देतं. आणि देवनागरी मजकूर थर्मल प्रिंटरवर चित्र म्हणून पाठवावा लागत असल्याने छपाई मंदावली, म्हणून ती वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे ॲपमध्येच समांतर चालणाऱ्या कामावर, टाकली. पावती छापून होईपर्यंत खिडकीवरच्या माणसाला पुढचा कोड मारता यावा, हा त्यामागचा हेतू. पुढचं सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या बदलातून उद्भवलं.

अडचण

नवी आवृत्ती बसवल्यावर आठवड्याभरात सचिवांचा फोन आला. काही सभासदांच्या नावांच्या जागी दोन-तीन चौकोन किंवा विचित्र चिन्हं दिसत होती. फोनवर त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते मी तेव्हा वहीत टिपून घेतलं होतं: “साहेब, नवीन नाव घातलं की बिघडतंय, जुनी नावं हाय तशी हायती.”

दुसरी तक्रार त्यानंतर तीन दिवसांनी आली आणि ती जास्त गंभीर होती. एक मावशी पावती घेऊन परत आल्या. लिटर बरोबर, फॅट बरोबर, कोड त्यांचाच, पण नाव भलत्याच माणसाचं. दुधाच्या धंद्यात पावती हाच पुरावा असतो. पावतीवर दुसऱ्याचं नाव आलं की आपलं दूध दुसऱ्याच्या खात्यावर गेलं असंच माणूस समजणार, आणि तसं समजण्यात त्याची काहीच चूक नाही.

या सगळ्या काळात ॲप एकदाही क्रॅश झालं नाही. क्रॅश झालं असतं तर कोअर डंप (त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल) मिळाला असता आणि तपासाला जागा सापडली असती. इथे ॲप निमूटपणे चालत होतं आणि चुकीची माहिती लिहीत होतं.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

बिघडलेली नावं डेटाबेसमध्ये दिसली, म्हणून आम्ही डेटाबेसची फाइल खराब झाली असं धरून चाललो. वीज जाते-येते, त्यात लिहिताना फाइल फाटली असेल, असा तर्क. एसक्यूलाइटची इंटिग्रिटी चेक चालवली, तर उत्तर आलं ‘ओके’. आम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही. आदल्या रात्रीची बॅकअप फाइल परत बसवली आणि सकाळच्या पाळीच्या नोंदी कागदी पावत्यांवरून पुन्हा भरून घेतल्या. सचिव आणि त्यांचा मदतनीस दुपारभर तेच करत बसले होते.

बॅकअपमुळे बिघडलेली नावं गेली, पण त्यांबरोबर ते नवे सभासदही गेले. सचिवांनी त्यांची नावं पुन्हा घातली, आणि तीच नावं पुन्हा बिघडली.

‘ओके’चा अर्थ आम्ही नीट समजून घ्यायला हवा होता. ही तपासणी फाइलची रचना पाहते: पानं जागेवर आहेत का, इंडेक्स आणि तक्ता जुळतात का, नोंदी वाचता येतात का. एखाद्या रकान्यातला मजकूर वैध यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. एसक्यूलाइटला मजकूर म्हणून जे बाइट दिले, ते तो तसेच ठेवतो. म्हणजे ‘ओके’ हे उत्तर खरं होतं आणि उपयोगाचंही होतं. फाइल धड आहे, तेव्हा कचरा लिहिण्याआधीच तयार झालेला आहे, हे त्यातून निघत होतं. ते वाचायला आम्हाला चार दिवस लागले.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्यांदा नावं बिघडल्यावर आम्ही तिघं बसलो. एकाचं म्हणणं, एसएसडी बदलून बघू. दुसऱ्याचं, दोष फॉन्टचा असेल, चित्र तयार करणारा भाग तपासू. जागेवर जाऊन वॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली ॲप चालवायचं, हाही विचार झाला. पण वॅलग्राइंडखाली प्रोग्रॅम वीस-तीस पट मंदावतो आणि पाळीच्या वेळी ते शक्यच नव्हतं. तसंच दुसरं साधन, ॲड्रेससॅनिटायझर, साधारण दुप्पट मंद करतो, मात्र त्यासाठी ॲप नव्याने बांधावं लागतं आणि ऑफिसमध्ये चूक पुन्हा घडवून दाखवावी लागते. आमच्याकडे तर ती घडतच नव्हती. आम्ही फॉर्मात ‘रमेश पाटील’ हे नाव घालत होतो आणि ते दरवेळी व्यवस्थित साठवलं जात होतं.

शेवटी सगळ्यात स्वस्त गोष्ट आधी करायचं ठरलं: बिघडलेल्या नावांचे प्रत्यक्ष बाइट बघायचे. संस्थेतून डेटाबेसची प्रत मागवली, तीही नुसती फाइल उचलून नव्हे तर एसक्यूलाइटच्या बॅकअप कमांडने. ॲप वॉल मोडमध्ये चालतं, म्हणजे नव्या नोंदी आधी वेगळ्या फाइलमध्ये जातात, आणि नुसती मुख्य फाइल उचलली तर ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्येच राहून जाऊ शकतात.

सोळा बाइट

नावाच्या रकान्यावर हेक्स फंक्शन (बाइट सोळाच्या पद्धतीच्या अंकांत दाखवणारं) चालवलं आणि पहिल्याच नोंदीत चित्र दिसलं.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं, आणि त्यांतले पहिले दोन कायम ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असतात. त्यामुळे हेक्समध्ये मराठी मजकूर लांबूनही ओळखू येतो, ई० ए४, ई० ए४ अशी लय चालू असते. बिघडलेल्या नोंदींत ती लय सुरुवातीला नव्हती आणि पुढे होती. पहिले सोळा बाइट निरर्थक, सतराव्यापासून नाव शाबूत. प्रत्येक नोंदीत सोळाच. नाव लांब असो की आखूड, फरक नाही.

पहिल्या आठ बाइटांपैकी शेवटचे दोन-तीन शून्य होते. म्हणूनच पडद्यावर नुसते दोन-तीन चौकोन दिसत होते: सी भाषेच्या पद्धतीने वाचणारा कोड शून्य बाइट आला की थांबतो. एसक्यूलाइटचं लेंग्थ फंक्शनही मजकुराची लांबी पहिल्या शून्यापर्यंतच मोजतं. नावाचा उरलेला भाग आत होता, पण कुणाला दिसत नव्हता.

आमच्यातल्या ज्या सहकाऱ्याने पूर्वी लिनक्सच्या मेमरी ॲलोकेटरवर (प्रोग्रॅमला मेमरी देणाऱ्या आणि परत घेणाऱ्या भागावर) काम केलं होतं, तिने हे बघितलं आणि एवढंच विचारलं, “ही जागा फ्री झालेली आहे का?” लिनक्सवरच्या जीलिबसी या मूळ सी लायब्ररीमध्ये छोटा मेमरीचा तुकडा मोकळा केला की ॲलोकेटर त्याच तुकड्याच्या सुरुवातीला स्वतःची नोंद लिहितो: आठ बाइटांत पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता आणि पुढच्या आठांत एक खूण. आठ आणि आठ, सोळा. म्हणजे आमचं ॲप नावाची जागा सोडून देत होतं, आणि त्यानंतर एसक्यूलाइट त्याच जागेवरून नाव उचलत होता.

पहिली चूक: बाइंड करताना दिलेली खोटी हमी

क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमात, मजकूर भरताना बाइंड टेक्स्ट हे फंक्शन वापरतात (तयार ठेवलेल्या क्वेरीला स्टेटमेंट म्हणतात). त्याच्या शेवटच्या जागी आपण सांगायचं असतं की या मजकुराची मालकी कशी आहे. ‘स्टॅटिक’ म्हटलं की आपण हमी देतो, ही जागा स्टेटमेंटचं काम संपेपर्यंत किंवा दुसरं काही बाइंड होईपर्यंत जशीच्या तशी राहील. ‘ट्रान्झियंट’ म्हटलं की आपण सांगतो, आत्ताच नक्कल करून घे, माझा भरवसा नाही.

जुन्या फॉर्ममध्ये ‘स्टॅटिक’ होतं आणि ते बरोबर होतं, कारण नाव फॉर्मच्या स्वतःच्या स्ट्रिंगमध्ये राहायचं. नव्या आवृत्तीत त्याच ओळीत सफाईचं फंक्शन आलं. ते परत देतं ती स्ट्रिंग तात्पुरती असते, ओळीच्या अर्धविरामाला ती नष्ट होते. पुढच्या ओळीत स्टेप, म्हणजे क्वेरीची प्रत्यक्ष अंमलबजावणी, चालतं, आणि एसक्यूलाइट आमच्या हमीवर विसंबून मेलेल्या जागेकडे जातो. नावाची लांबी मात्र त्याने बाइंड करतानाच मोजलेली होती, म्हणून बाइटांची संख्या बरोबर आणि सुरुवात चुकीची.

मग आमच्याकडे का घडत नव्हतं? आम्ही ‘रमेश पाटील’ रोमन लिपीत टाइप करत होतो. ते होतात १२ बाइट. जीसीसी या कंपायलरच्या स्टँडर्ड लायब्ररीत १५ बाइटांपर्यंतची स्ट्रिंग हीपवर (ॲलोकेटरकडून मागून घ्यायच्या मेमरीत) जातच नाही, ती त्या ऑब्जेक्टच्या आतच बसते. ऑब्जेक्ट नष्ट झालं तरी स्टॅकवरचे (फंक्शनच्या कामचलाऊ मेमरीतले) ते बाइट बहुधा काही काळ तसेच पडून राहतात. चूक तिथेही होतीच, पण झाकलेली. तेच नाव देवनागरीत लिहिलं की ४ चिन्हं, एक मोकळी जागा, ५ चिन्हं: २८ बाइट. थेट हीपवर.

देवनागरीत टाइप करून सेव्ह केलं. हेक्समध्ये सोळा बाइट कचरा, आणि मग ‘ई०ए४बीई ई०ए४९एफ ई०ए५८० ई०ए४बी२’. म्हणजे काना, ट, दीर्घ वेलांटी, ल. ‘रमेश प’ एवढं पुसलं गेलं होतं आणि ‘ाटील’ उरलं होतं. देवनागरीची चाचणी आम्ही केलेली होती, पण ती एकगठ्ठा आयातीच्या वाटेने, आणि तिथे ‘ट्रान्झियंट’ होतं. फॉर्मवर प्रत्येकाने आपापल्या कीबोर्डवर जे पटकन येतं ते टाइप केलं.

ॲड्रेससॅनिटायझर लावून ॲप बांधलं, देवनागरीत नाव घातलं, आणि अहवाल लगेच आला. त्यात तीन साखळ्या (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याच्या याद्या) असतात: जागा कुठे वाचली, कुठे मोकळी केली, कुठे घेतली होती. वाचणारी साखळी एसक्यूलाइटच्या आत मेमकॉपी या नक्कल करणाऱ्या फंक्शनपाशी संपत होती. मोकळी करणारी आणि घेणारी, दोन्ही फॉर्मच्या त्याच एका ओळीवर येऊन थांबत होत्या.

दुसरी चूक: मावशींची पावती

पहिल्या चुकीचा शोध लागल्याच्या आनंदात आम्ही दुसरी तक्रार तिच्याच खात्यात टाकणार होतो. ते जुळत नव्हतं. मावशींच्या पावतीवर कचरा नव्हता, दुसऱ्या माणसाचं स्वच्छ, पूर्ण नाव होतं. सॅनिटायझरच्या आवृत्तीत शेकडो पावत्या छापून बघितल्या, तो गप्प.

मावशींनी ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, आणि सचिवांनी तिचा फोटो पाठवला. पावतीवर सेकंदापर्यंत वेळ असते. नोंदींच्या तक्त्यात ती वेळ शोधली. मावशींची नोंद सापडली, त्यांच्याच कोडवर, बरोबर लिटरची. त्याखालची पुढची नोंद त्याच माणसाची, ज्याचं नाव मावशींच्या पावतीवर छापलं होतं. खात्यात काहीही चुकलं नव्हतं. आम्ही हे तपासल्याबरोबर सचिवांना कळवलं, कारण मावशींना आधी ते ऐकायचं होतं.

एकाच कागदावर कोड तिचा, लिटर तिचे आणि नाव रांगेतल्या पुढच्या माणसाचं. कोड आणि लिटर हे आकडे, ते छपाईच्या थ्रेडकडे नक्कल होऊन जात होते. नाव मात्र पॉइंटर म्हणून, म्हणजे मेमरीतला नुसता पत्ता म्हणून, जात होतं. आमचं सभासद शोधणारं फंक्शन सुरुवातीला स्टेटमेंट रीसेट करायचं, कोड बाइंड करायचं, स्टेप घ्यायचं आणि कॉलम टेक्स्ट या मजकूर वाचणाऱ्या फंक्शनने दिलेला पॉइंटर तसाच परत करायचं. तो पॉइंटर पुढच्या स्टेप, रीसेट किंवा फायनलाइजपर्यंतच वैध असतो, हे एसक्यूलाइटच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. छपाई त्याच थ्रेडवर होती तोवर पावती निघाल्यावरच पुढचा कोड यायचा, म्हणून निभावलं. आता प्रिंटर चित्र तयार करत असतानाच पुढचा कोड येत होता. स्टेटमेंट रीसेट व्हायचं, आणि नवं नाव बहुतेक वेळा त्याच जागी येऊन बसायचं. एसक्यूलाइट मल्टिथ्रेडसाठी सुरक्षित बांधलेला होता, पण ती सुरक्षा त्याच्या आतल्या कामाला. आपण बाहेर नेलेल्या पॉइंटरला ती लागू होत नाही.

सॅनिटायझर गप्प राहण्याचं कारण मला या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी शिक्षण वाटतं. एसक्यूलाइट प्रत्येक कनेक्शनसाठी छोट्या तुकड्यांचा स्वतःचा एक साठा ठेवतो, त्याला लुकअसाइड म्हणतात. छोटी मागणी आली की तो मॅलॉककडे (मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनकडे) जात नाही, या साठ्यातला तुकडा देतो आणि परत घेतो. सॅनिटायझरच्या नजरेत तो अख्खा साठा एकच वापरातली जागा आहे. आतला तुकडा मोकळा होऊन दुसऱ्याला दिला गेला, हे त्याला कळूच शकत नाही. ॲप सुरू होताना लुकअसाइड बंद करायची सेटिंग केली आणि मुद्दाम छपाई दोन सेकंद लांबवली. दुसऱ्या क्रमांकाच्या पावतीलाच अहवाल आला.

काय केलं

बिलाची तारीख चार दिवसांवर होती, त्यामुळे सगळं एकदम करायचं नाही असं ठरवलं. ॲप दुसऱ्या भाषेत लिहावं, निदान डेटाबेसचा थर तयार लायब्ररीवर न्यावा, हा विषय निघाला आणि बाजूला ठेवला. चार दिवसांत केलेला मोठा बदल संस्थेच्या डोक्यावर नवा धोका ठरला असता.

त्याच संध्याकाळी फॉर्ममधल्या त्या ओळीत ‘ट्रान्झियंट’ केलं आणि छपाई तात्पुरती पुन्हा त्याच थ्रेडवर आणली. रांग मंदावणार हे सचिवांना आधी सांगितलं. ते म्हणाले, “रांग वाढू दे, पन नाव ज्याचं त्याचं येऊ दे.”

बिल झाल्यावर खरी दुरुस्ती केली. बाइंड टेक्स्ट आणि कॉलम टेक्स्ट थेट वापरायला बंदी घालून दोन छोटी फंक्शनं लिहिली. एक नेहमी नक्कल करायला सांगूनच बाइंड करतं, दुसरं पॉइंटर न देता स्वतंत्र स्ट्रिंग परत देतं आणि लगेच स्टेटमेंट रीसेट करतं. एका नावाच्या नक्कलीचा खर्च मोजावा असाही नसतो. जुन्या कोडमध्ये ‘स्टॅटिक’ अनेक ठिकाणी होतं. बहुतेक ठिकाणी ते ठरीव मजकुरासाठी, म्हणून निर्धोक होतं, पण तीही ठिकाणं बदलली. पुढे कुणी त्या ओळीत एखादं फंक्शन घालेल तेव्हा त्याला हा इतिहास ठाऊक असेलच असं नाही. त्यानंतर छपाई पुन्हा वेगळ्या थ्रेडवर नेली.

बिघडलेली नावं शोधायला नाव ब्लॉब (कच्चे बाइट) म्हणून वाचून त्यात शून्य बाइट आहे का, एवढंच विचारलं. वीसेक नोंदी निघाल्या. त्यांतली फॉर्ममध्ये उघडून पुन्हा सेव्ह झालेली जुन्या सभासदांची नावं आयातीच्या फाइलवरून परत आणली. नव्या सभासदांची सचिवांनी प्रवेश अर्जांवरून पुन्हा घातली.

परिणाम

दोन्ही तक्रारी थांबल्या. दहा दिवसांचं बिल वेळेवर निघालं आणि रकमेत कुठेही फरक नव्हता, कारण हिशोब कोडवर चालतो, नावावर नाही. मावशींना नवी पावती आणि त्यांच्या खात्याचा उतारा दिला. लुकअसाइड बंद ठेवलेली सॅनिटायझरची आवृत्ती आता आमच्याकडे रोज रात्री चाचण्या चालवते. तिने नंतर आणखी एक तसाच पॉइंटर पकडला, दरपत्रकाच्या पडद्यावरचा, जो गावात कुणाला कधी दिसलाही नव्हता.

आज काय वेगळं करू

बॅकअप परत बसवण्याआधी बिघडलेल्या नोंदीचे बाइट बघू. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि त्याने दोन माणसांची दुपार वाचली असती. शिवाय बॅकअप बसवताना आम्ही बिघडलेली फाइल जपून ठेवली नव्हती, म्हणजे पहिला पुरावा स्वतःच्या हाताने पुसला. सचिवांनी ती नावं पुन्हा घातली नसती तर आमच्याकडे बघायला काही उरलंच नसतं.

‘नवीन नाव घातलं की बिघडतंय, जुनी हाय तशी’ या वाक्यात फॉर्मची वाट आणि आयातीची वाट वेगळी काढून दिलेली होती. मी ते वहीत लिहून घेतलं आणि तरी वाचलं नाही. आता तक्रार आली की सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे तपासाच्या पहिल्या ओळीत घालतो आणि प्रत्येक तर्क त्यांच्याशी ताडून बघतो. फाइल फाटली असती तर जुनी नावंही बिघडायला हवी होती. या एका प्रश्नावर आमचा पहिला तर्क पडला असता.

छपाई वेगळ्या थ्रेडवर नेतानाच विचारायला हवं होतं की तिकडे जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा मालक कोण, आणि ती कधीपर्यंत जिवंत आहे. तो बदल तपासणाऱ्याने लॉक (दोन थ्रेड एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावू नयेत म्हणून घातलेले अडसर) बघितले, आयुष्य बघितलं नाही. तपासणारा मीच होतो.

चाचणीच्या नावांची यादीही बदलली. त्यात आता पाच चिन्हांचं, म्हणजे नेमक्या १५ बाइटांचं नाव आहे आणि सहा चिन्हांचं, १८ बाइटांचं. एक हीपच्या अलीकडचं, एक पलीकडचं. बाकीची नावं वडिलांच्या नावासह आणि आडनावासह पूर्ण, जशी प्रवेश अर्जावर असतात तशी, आणि सगळी देवनागरीत.